पाय टेकायचा नाही

उन्हाळा लागला की आमची माय बदलायची. एरवी हसरी बाई, शेजारणींच्या नकला करणारी, जात्यावर बसली तरी तोंड बंद नाही. पण होळी जळून गेली की तिच्या तोंडावरचं हसू उतरायचं आणि ते थेट पाऊस पडल्यावरच परत यायचं. खिशात कांदा, डोक्याला ओला दुपट्टा आणि पोटात ज्वारीची आंबील, एवढं झाल्याशिवाय ती कोणालाही दुपारी उंबरा ओलांडू द्यायची नाही. गल्लीतली पोरं तिला हसायची. हसोत बापडी. माझे बाबा बडनेऱ्याकडच्या लाइनवर रेल्वेच्या गँगमध्ये होते. वैशाखातल्या एका दुपारी ते कामावरून अर्ध्यातूनच घरी आले आणि मायला म्हणाले, "गोधडी दे, मले थंडी वाजून राहिली." बाहेर जमिनीवर पाय ठेववत नव्हता आणि हा माणूस गोधडी मागतोय. मायनं अंगाला हात लावला तर भाजलं, आणि अंगावर घामाचा थेंब नाही. दिवस मावळायच्या आत बाबा गेले. मी तेव्हा इतकी लहान होते की मला त्यांचा चेहरा आठवत नाही, पण ती गोधडी आठवते. मायनं ती पुन्हा कधी कोणाला पांघरायला दिली नाही. दर उन्हाळ्यात ती आम्हा दोघां भावंडांना समोर बसवून सांगायची, "घाम येऊन राहिला ना, मंग भ्याचं नाई. घाम आटला का भ्याचं." माझं आज वय झालं, घरात पंखे आहेत, कूलर आहे, नातवाचं ते थंड हवेचं यंत्र आहे, तरी मे महिन्यात माझा हात आपोआप कोणाच्या ना कोणाच्या मानेवर जातो. सून चिडते. चिडू दे.

अमरावतीत आमची दोनच खोल्यांची जागा होती, वर पत्रा, पुढे ओटा. सकाळी कापसाच्या जिनाचा भोंगा व्हायचा आणि त्या पाठोपाठ घरोघरी भाकरी थापल्याचे आवाज सुरू व्हायचे. आमच्याकडे त्यात आणखी एक आवाज असायचा, दादाच्या सायकलचं चाक उलटं फिरवल्याचा. माझा भाऊ मधुकर, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो, मॅट्रिक होऊन नुकताच सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटला होता आणि पहिलं काम त्यानं काय केलं असेल तर काळी सायकल घेतली. तिचं तेलपाणी जितक्या मायेनं व्हायचं तितकं आमच्यापैकी कोणाचं झालं नाही. मला सायकल त्यानंच शिकवली. आधी कैची, मग नळीवर, मग सीटवर. गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "मधुकर पोट्टीले बिघडवून राहिला." दादा त्यांच्या समोरूनच मला दुसरा फेरा मारायला लावायचा. असा तो ताठ. त्याच्या ताठपणाचा मला फार अभिमान होता, आणि त्याच ताठपणानं त्या वर्षी आम्हाला मारायला काढलं होतं.

झालं असं, की अकोल्याला आमच्या समाजाचं एक वसतिगृह होतं. खेड्यापाड्यातली पोरं तिथं राहून शिकायची. बाबा गेल्यावर दादाही तिथंच राहून मॅट्रिक झाला होता. चैत्रात मोठं वावधन सुटलं आणि वसतिगृहाचे पत्रे उडून पार लोकांच्या वावरांत जाऊन पडले, चिरफळ्या होऊन. मृगाच्या आत छप्पर घालायला पाहिजे होतं. नाहीतर पोरं घरी जाणार, आणि एकदा घरी गेलेलं पोर बाप पुन्हा पाठवीलच याची खात्री नाही. दादा रोज रात्री जेवताना तेच बोलायचा. त्याच हिवाळ्यात आमच्या मैदानावर परगावचा एक माणूस सायकल घेऊन आला होता. दिवसचे दिवस खाली न उतरता गोल गोल फिरायचा. सायकलवरच दाढी, सायकलवरच आंघोळ, सायकलवरच भजी खायचा. सगळं गाव लोटलं होतं बघायला. ते दादाच्या डोक्यात बसलेलं. त्यानं ठरवलं, आपण अमरावती ते अकोला सायकलनं जायचं, बुद्धजयंतीच्या दिवशी, आणि त्या निमित्तानं छपरासाठी मदत मागायची.

बाजारात पत्र्याचे एक शेटजी होते. दिलदार माणूस, मी त्यांना दोष देणार नाही. दादा चार जणांना घेऊन त्यांच्याकडे गेला तेव्हा ते हसून म्हणाले, "अकोल्याले सायकलनं तर आमचा दूधवालाही जाते बावा. त्यात काय पाहाचं?"

भोवतीची माणसं हसली. आणि दादाचं डोकं फिरलं. "पाय न टेकता जाते काय तुमचा दूधवाला? आमी पाच जन अमरावतीत टांग मारू ते अकोल्यातच उतरू. मधात एकाचाही पाय भुईले लागला, तर एक पत्रा देऊ नका!"

"आन् नाई लागला तर?"

"तर सारं छप्पर तुमी द्याचं."

शेटजींना चार लोकांत मागे सरता येईना. "जा," म्हणाले, "सारं छप्पर देतो." घरी येऊन दादा ओट्यावर उड्या मारत होता. मायनं फक्त एवढंच विचारलं, "बुद्धजयंती वैशाखात येते ना रे?"

आता पाचातला एक गडी ऐनवेळी गळाला. बायकोचे दिवस भरत आले होते, तो जाणार कसा. राहिले दादा, साहेबराव, गुलाब आणि वानखडे मास्तर. साहेबराव कुणब्याचा, दादाचा आखाड्यातला दोस्त, अंगानं दांडगा. गुलाब म्हणजे नुसता खिदळणारा. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे आणि त्यांना रस्त्यातली सगळी गावं पाठ होती. पाचवा कोण, यावर आमच्या ओट्यावर खल चालला होता आणि मी चहा द्यायला बाहेर आले. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. आतून मायच्या हातातली परात खाली पडल्याचा आवाज आला.

तिनं काय काय केलं नाही! रडली, बोलायची बंद झाली, चूल पेटवली नाही. पण शेवटी तीच उठून दुधात कणीक मळून दशम्या करायला बसली, ठेचा वाटला, गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी बांधली आणि माझ्या लांब कुडत्याला आतून कांद्यासाठी खिसे शिवले. दादाचा पायजमा मला ढगळ होत होता, तो तिनं आवळून दिला. सायकल त्या गळालेल्या गड्याचीच मिळाली. निघताना मला एकीकडे घेतलं. "तू मांगं राय. त्याच्या पाठीवर नजर ठेव. त्याले तर काई समजत नाई. तुले समजते." खरं सांगते, त्या दिवसातलं मला बाकी काही आठवलं नाही तरी भेव आठवतं.

पहाटे वंदना झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही टांगा मारल्या. गार हवा होती. पांढरे शर्ट, पांढरे पायजमे, साहेबरावच्या सायकलला कॅनव्हासची पाण्याची छागल लोंबकळत होती. बडनेऱ्याच्या फाटकाशी आलो आणि फाटक पडलं. मालगाडी काही सरता सरेना. उतरायचं तर नाही, मग पाचही जण त्या अरुंद रस्त्यावर गोल गोल फिरायला लागलो, मधे बैलगाड्या, छकडे, एक एस.टी. सरळ जाणं सोपं असतं हो. हळू फिरणं म्हणजे जीव मुठीत. प्रत्येक फेऱ्याला माझा पाय आपोआप खाली जायचा आणि मी तो वर ओढून घ्यायची. गाडीवाले ओरडत होते, "काय बे, भूत लागलं काय तुमाले?" गुलाब उत्तर देत होता.

लोक मला आजही पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि बाया तर हटकून विचारतात, की बाई, मग लघवीचं काय केलंत? पुरुषांचं पुरुषांनी पाहिलं, मी नजर वळवली. माझं उत्तर असं, की मी आदल्या संध्याकाळपासून पाणीच प्याले नव्हते. रस्त्यातही नुसते ओठ ओले करायचे. मूर्खपणा होता, पण दुसरा इलाज मला तरी सुचला नाही.

मास्तरांचा हिशेब असा होता, की ऊन तापायच्या आत अकोला गाठायचं. आणि गाठलंही असतं. घात केला तो सत्कारांनी. दादानं बाजाराच्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर गावोगाव निरोप धाडले होते, की आम्ही येतो आहोत. आता वऱ्हाडातल्या माणसाला पाहुणा येतो म्हणून कळलं, की तो त्याला तसाच कसा जाऊ देईल? प्रत्येक गावच्या फाट्यावर डफडी, लेझीम, हार घेऊन माणसं उभी. उतरता येत नाही म्हटल्यावर त्यांनी आम्हाला चावडीभोवती फिरवायला सुरुवात केली. आम्ही फिरतोय आणि बाया हातात दिवा घेऊन ओवाळण्यासाठी सायकलीमागे पळतायत. हार उडवून गळ्यात टाकायचा खेळ चाललाय. नाही म्हणायची आमच्यात कोणाचीच हिंमत नव्हती. ज्यांनी सकाळपासून उन्हात उभं राहून वाट पाहिली त्यांना नाही कसं म्हणणार? मूर्तिजापूरला तर मंडप, लाउडस्पीकर आणि एक पुढारी. त्यांनी भाषण सुरू केलं. अडीच हजार वर्षांपूर्वीपासून सुरू केलं. आम्ही मंडपाबाहेर, मंडपाला वेढा घालून, टळटळीत उन्हात गोल गोल. माझ्या कानात त्यांचे शब्द यायचे, जायचे, फेरा पूर्ण झाला की पुन्हा यायचे. मी दर फेऱ्याला दादाला म्हणत होते, "दादा, निंगू आता." दादा म्हणायचा, "थांब वं, लोकाईचा अपमान होते." थांब म्हणायचा आणि पायडल मारायचा.

तिथून निघालो तेव्हा सावल्या पायाखाली आल्या होत्या. छागल आम्ही फिरता फिरताच रिकामी केली होती, आणि पुन्हा भरून घ्यायचं त्या गर्दीत कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. पुढचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी वावरं, मधूनच एखादी बाभूळ, आणि समोरून येणारं ऊन. ऊन वरून येतं हे पुस्तकातलं. वऱ्हाडात ते समोरून येतं, तोंडावर. ट्रक आला की आम्ही कडेच्या मातीत उतरायचो, चाक खडीत घसरायचं, हँडल हातात नाचायचं आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता टेकला, आता टेकला. गुलाबचं खिदळणं थांबलं होतं. मी सगळ्यांत मागे होते आणि मायनं सांगितल्याप्रमाणे पाठी पाहत होते. साहेबरावची पाठ भिजून शर्ट चिकटलेला. मास्तरांची भिजलेली. गुलाबची भिजलेली. दादाच्या पाठीवर सकाळपासून मोठा ओला डाग होता, तो बघत बघतच मी आले होते. तो डाग आता कडेकडेनं आकसत होता.

मी स्वतःची समजूत घातली, वारं आहे, वाऱ्यानं वाळला असेल. मग म्हटलं, वारं काय एकट्या दादालाच लागतं? जोर लावून मी त्याच्या शेजारी गेले. त्याची मान कोरडी होती, लाल, आणि तिच्यावर मीठ फुललं होतं. डोळे उघडे होते पण रस्त्याकडे नव्हते. मी खिशातला कांदा काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं घेतला नाही. मी म्हटलं, "दादा, बरं आहे ना?"

तो म्हणाला, "सुमे, थंडी काहून वाजून राहिली वं?"

त्या रस्त्यावर, त्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला. मी ओरडले, "दादा, थांब! उतर!" तो ऐकेना. ऐकत होता की नव्हता कोण जाणे. पाय नुसते फिरत होते. मी साहेबरावला हाक मारली. तो मागे वळून म्हणाला, "आता बोरगाव आलंच, तठी सावलीत फिरू. थोडासा दम धर!" त्यालाही कळलं नव्हतं. मला एकटीला कळत होतं, आणि मला त्या वसतिगृहाची पोरंही दिसत होती, हार घेऊन वाट पाहणारी. तुम्ही म्हणाल, एवढ्यात कसला विचार केलात? केला. खूप केला. मला वाटलं, मी पाय टेकला आणि दादाला काही झालेलं नसलं, तर तो मला जन्मभर तोंड दाखवू देणार नाही. आणि नाही टेकला, तर मायला मी काय तोंड दाखवू? मायचं तोंड डोळ्यांपुढे आलं आणि मी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल आडवी घातली आणि दोन्ही पाय, चांगले दोन्ही पाय, डांबरावर रोवून उभी राहिले. डांबर विरघळलेलं होतं, चपला त्यात रुतल्या. माझ्यात होता नव्हता तेवढा आवाज काढून मी ओरडले, "पाय टेकला! मी पाय टेकला! आता संपलं, उतरा सारे!"

तेव्हा ते थांबले. साहेबरावनं हासडलेली ती शिवी मी इथं लिहीत नाही. दादा थांबला नाही, तो तसाच थोडा पुढे गेला आणि सायकलसकट बाजूला लवंडला. मग मात्र सगळे धावले. जवळच एका वावरात विहीर होती, काठावर कडुनिंब, त्याखाली एक म्हातारा-म्हातारी भाकर खात बसलेली. साहेबरावनं दादाला पाठुंगळीला मारलं आणि पळत सुटला. मी मागे. म्हातारा उठून उभा राहिला, आमच्याकडे पाहिलं, आमच्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं. "कोन गावचे? कोन लोक तुमी?" त्या काळी या प्रश्नाला माझ्यासारखीची जीभ टाळ्याला चिकटायची. विहीर समोर होती, भाऊ मरत होता. तेवढ्यात म्हातारीनं हातातली भाकर खाली ठेवली आणि नवऱ्यावर खेकसली, "अगोदर पानी टाका पोराच्या अंगावर, पंचाइत मंग करजा!" तिनंच पहिली बादली ओतली. मग साहेबराव ओढत होता आणि आम्ही ओतत होतो. माझा दुपट्टा, तिचं धुऊन वाळत टाकलेलं लुगडं, सगळं भिजवून त्याला गुंडाळलं. मास्तर टोपीनं वारा घालत होते आणि गुलाब ढसाढसा रडत होता. म्हातारीनं काटक्या पेटवून शिदोरीतली कैरी भाजली, तिचा गर पाण्यात कालवला आणि बोटानं दादाच्या ओठांना लावत राहिली. ऊन कलल्यावर दादानं मला ओळखलं. पहिला शब्द काय, तर "टेकला काय?" मी मान डोलावली. त्यानं डोळे मिटून तोंड फिरवलं.

अकोल्यात आम्ही त्या म्हाताऱ्याच्या बैलगाडीतून पोचलो, सायकली मागे बांधलेल्या. वसतिगृहाची पोरं गावाबाहेर लेझीम घेऊन उभी होती. गाडी पाहिली आणि लेझीम थांबली. मीच गाडीतून उतरून म्हणाले, की पाय मी टेकवला. एका पोरानं माझ्या गळ्यात घालायला आणलेला हार हातातच धरून ठेवला. घालावा की नाही, त्याला कळेना.

शेटजींनी सगळं ऐकून अर्धे पत्रे देऊ केले. दादानं घेतले नाहीत. शर्त म्हणजे शर्त, म्हणाला. त्या पावसाळ्यात वसतिगृहावर पळाटीचं, कापसाच्या वाळल्या झाडांचं छप्पर होतं. गळत होतं. काही पोरं घरी गेली आणि त्यांतली सगळी परत आली नाहीत. हे लिहायला मला आजही जड जातं, पण झालं ते झालं. आणि अमरावतीभर एकच बोललं गेलं, की पोट्टी थकली. पोट्टीले नेलंच काहून? बाजारात, विहारात, नळावर. दादा ते ऐकायचा. एकदाही म्हणाला नाही, की ती थकली नव्हती. माझ्याशी तो कामापुरतं बोलायचा. माय त्याच्या ताटात वाढता वाढता हात रोखून त्याच्याकडे पाहत राहायची, पोटभर, आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून चुलीकडे जायची. मला वाटायचं, भाऊ वाचला पण माझा राहिला नाही.

पुढं मला कॉलेजात नाव घालायला त्यानंच नेलं, सायकलवर डबलसीट. पाऊस उघडला होता. चढ लागला तसा तो धापा टाकायला लागला. मी म्हटलं, उतरते. तो म्हणाला, "बस." आणि मग पुढं बघूनच, मान न वळवता म्हणाला, "सुमे, मले समजलं होतं त्या दिवशी. मूर्तिजापूरपासूनच समजलं होतं. बाबाचं आठवून राहिलं होतं."

मी म्हटलं, "मग थांबला का नाहीस?"

"मीच शब्द देल्ला होता ना चार लोकाईत. मी कसा थांबू? मी वाट पाहून राहिलो होतो." त्यानं पायडल जोरात दाबलं. "कोनीतरी पाय टेकन म्हनून वाट पाहून राहिलो होतो. लय भेव लागलं होतं वं मले."

चढ संपत आला होता. मला त्याच्यावर इतका राग आला, की त्याच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला. सायकल डुगडुगली. त्यानं पाय टेकला.